‘कागद’ फोल्डरवरचा पहारा

सकाळचा चहा अजून हातात होता तेवढ्यात फोनवर मेसेज आला. ‘सावेडीची खोली हवेशीर आहे का?’ एवढंच. खाली नाव नव्हतं, नंबरही नवा होता. पण इतकं गोड विचारून अंगावर काटा आणणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच आहे. माझा नवरा, ओंकार.

नगरला सावेडीत मी एक खोली पाहून आले होते. पुढच्या आठवड्यात तिथे राहायला जायचं ठरलं होतं. दिवाळीत ओंकारने स्वयंपाकघराच्या ओट्याशी माझा गळा दाबला, त्यानंतर मी पुणं सोडून माहेरी शनिशिंगणापूरला आले. माझ्या राहत्या जागेच्या आसपास त्याने फिरकायचं नाही असा कोर्टाचा आदेश आता आहे. पण माहेरचं घर त्याला माहीत होतं, म्हणून मला त्याला माहीत नसलेली जागा हवी होती. तिचा पत्ता मी फक्त आईला सांगितला होता.

आई पडवीत बसून रुईच्या पानांच्या माळा ओवत होती. देवळाजवळ दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तेल-माळांचं दुकान आहे आणि शनिवारी माळा कितीही ओवल्या तरी कमी पडतात. मी फोन तिच्यापुढे धरला.

“आई, खोलीचं त्याला तू सांगितलंस?”

“म्या कशाला सांगू? माझ्याकडं त्याचा लंबर तरी हाय का?”

“मग कुणी सांगितलं? मी कुठल्या वकिलीणबाईंकडे जाते ते त्याला कळलं. नगरला डॉक्टरकडे गेले तर हा खाली चहाच्या टपरीवर उभा. आणि आज हे. तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?”

“ज्ञानू, शनिदेवाची आन. म्या न्हाई सांगितलं.”

“तुला अजून तो जावईच वाटतो ना? जानेवारीत आला तेव्हा पाटावर बसवून जेवू घातलंस. गळ्यावरचे वळ दाखवले तेव्हा काय म्हणालीस? कुनाला सांगू नगं, लोक काय म्हणतील. तुझ्यामुळे मरेन मी एक दिवस, तेव्हा लोकांना विचार काय म्हणायचं ते.”

माझी जीभ अशीच आहे. लागतं ते बरोबर जिव्हारी लागतं. आईने हातातली माळ खाली ठेवली, पायांत चपला सरकवल्या आणि निघून गेली. मी मुद्दाम हाक मारली नाही.

भीती वाटली की मी कामाला बसते. पुण्यात बाथरूममध्ये बसून काम केलंय मी, कारण तिथे कडी होती. इथे कडीचा प्रश्नच नाही. शनिदेव राखतो या गावच्या श्रद्धेमुळे आमच्या घराला दार नाही. गावातल्या काही घरांना आता शटर आलंय, काहींनी सरकती फळी बसवलीय, पण दादांना ते मान्य नाही. पुढे पडदा, मध्ये पडदा, मागे पडदा आणि रात्री कुत्री येऊ नयेत म्हणून एक फळकूट. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटायचा. आता रात्रभर मी त्या पडद्याकडे पाहत पडून असते.

माझं काम सांगितलं तर लोक जांभई देतात, पण सांगायलाच हवं. संगणकाच्या अगदी आतला जो गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याच्यात काय काय सोय आहे ते मी इतरांसाठी नीट लिहून ठेवते. सोय करणारे वेगळे, मी लिहिणारी. सध्याचं प्रकरण होतं फाइलींवरच्या पहाऱ्याचं. म्हणजे असं, की एखादा प्रोग्रॅम कर्नेलला सांगतो, या फोल्डरवर लक्ष ठेव. मग त्या फोल्डरमध्ये कुठलीही फाइल उघडली, बदलली, नवी आली, पुसली गेली की कर्नेल त्या प्रोग्रॅमला लगेच वर्दी देतो. सोय साधी आणि कामाची आहे. फोटो आपोआप मोबाइलवरून लॅपटॉपवर येतात ना, त्यामागे बहुतेक वेळा असला एखादा पहारा असतो.

आदल्या दिवशी मी या पहाऱ्याच्या उणिवा लिहून संपवल्या होत्या. आज लिहायचं होतं ते वेगळं. आपल्या मशीनवर कुठल्या प्रोग्रॅमने कुठे पहारा बसवलाय, हे कसं पाहायचं. मी उदाहरण स्वतः चालवून पाहिल्याशिवाय लिहीत नाही, त्यामुळे माझ्याच लॅपटॉपवर ती आज्ञा दिली.

तीन नावं आली. पहिलं माझ्या फाइल शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं, तो नवी फाइल दिसली की उघडून वाचून ठेवतो, म्हणजे पुढे शोधताना चटकन सापडते. दुसरं डेस्कटॉपचं. तिसरं नाव फॉन्टशी काही संबंध असावा असं साधंसुधं होतं, पण ते मी कधी बसवलेलं नव्हतं. त्याचा पहारा एकाच फोल्डरवर होता. त्या फोल्डरचं नाव ‘कागद’.

‘कागद’मध्ये माझं सगळं आयुष्य आहे. वकिलीणबाईंना पाठवलेली पत्रं, डॉक्टरांच्या वेळा आणि परवाच टिपून ठेवलेला सावेडीच्या खोलीचा पत्ता.

मी त्या प्रोग्रॅमची फाइल कधीची आहे ते पाहिलं. जानेवारीतली, संक्रांतीनंतरच्या शनिवारची. ओंकार पेढे घेऊन आला होता तो दिवस. मी दुकानात होते. आईने त्याला आतल्या खोलीत बसवलं, चहा केला, भजी तळली. लॅपटॉप पलंगावर होता आणि त्याला पासवर्ड नव्हता.

हसा खुशाल. कर्नेलवर पानंच्या पानं लिहिणारी बाई आणि तिच्या लॅपटॉपला पासवर्ड नाही. कंपनीच्या मशीनला असतो, तो त्यांचा नियम. हा माझा स्वतःचा होता. ज्या घरात आईचं मंगळसूत्र खुंटीला लटकतं आणि दुकानाचा गल्ला उघडा असतो, त्या घरात वाढलेल्या मुलीला आपल्या वस्तूला कुलूप घालायचं सुचतच नाही. पुण्यात राहूनही सुचलं नाही. ओंकार या कामातलाच माणूस. त्याला पाच मिनिटं पुरली असणार.

म्हणजे इतके दिवस मी ‘कागद’मध्ये काही लिहिलं की त्या प्रोग्रॅमला वर्दी जात होती आणि तो ती फाइल ओंकारकडे पाठवत होता. आईने कुणाला काही सांगितलं नव्हतं. मीच सांगत होते, रोज, स्वतःच्या बोटांनी.

मी कीबोर्डवरून हात उचलले. तेवढ्यात फोन वाजला, पुन्हा त्याच नंबरचा मेसेज. ‘निघालो. शनिवार आहे, दर्शन घेतो आणि तुला भेटतो. शेवटचं बोलू.’

शेवटचं. मी यशोधराताईंना फोन लावला. त्या नगरच्या वकील, माझी केस त्याच पाहतात, बोलणं तुटक पण मायेचं.

“तो प्रोग्रॅम काढू नकोस,” त्या सगळं ऐकून म्हणाल्या. “हात लावू नकोस त्याला. पुरावा आहे तो. ओंकार आत्ता कुठे असेल?”

“पुण्याहून निघालाय म्हणतो. कुठवर आलाय माहीत नाही.”

“मी शिंगणापूरच्या ठाण्यात कळवते.”

इथे मला हुशारी सुचली. भ्यालेल्या माणसाने हुशारी करू नये, पण मी केली. म्हटलं, “ताई, थांबा. तो माझं लिहिलेलं वाचतो ना? मग मी त्याला वाचायला देते. ‘कागद’मध्ये लिहिते की आजच सामान घेऊन सावेडीच्या खोलीवर चाललेय, संध्याकाळपर्यंत एकटीच आहे. तो वाटेत नगरलाच वळेल. तुम्ही पोलीस तिथे उभे करा. आदेश मोडताना दारातच सापडेल आणि मी इथे असेन, पस्तीस-चाळीस किलोमीटरवर.”

त्यांनी विचारलं, “खात्री आहे तो वाचेल?”

“वाचेल. वाचलं की मला कळेल.”

मी फाइल लिहिली. आईसाठी चिठ्ठी लिहिल्यासारखी. ‘आई, दुपारच्या आधी सावेडीला निघते. खोलीवर एकटीच असेन, काळजी करू नको.’ खोटं लिहितानाही ‘काळजी करू नको’ लिहून गेले याचं मला नंतर नवल वाटलं. मग मी त्या फाइलवर माझा स्वतःचा पहारा बसवला आणि ती ‘कागद’मध्ये ठेवली.

दोन श्वास घेतले नसतील, लॅपटॉपच्या पडद्यावर वर्दी आली. फाइल उघडली गेली. वाचली गेली. बंद झाली.

मी यशोधराताईंना कळवलं, वाचलंय त्याने. त्या म्हणाल्या, सावेडीला पोलीस पोचतायत, मीही निघाले. मी भिंतीला पाठ टेकून बसले. दिवाळीपासून पहिल्यांदा मला वाटलं, आता तो माझ्या मागे नाही, मी त्याच्या मागे आहे. थंड झालेला चहा मी तसाच पिऊन टाकला. आई आली की तिच्या पाया पडायचं, असंही ठरवून टाकलं.

वेळ जाईना म्हणून कालचं लिखाण तपासायला घेतलं. उणिवांच्या पानावर माझंच वाक्य होतं. ‘या वर्दीत काय घडलं ते कळतं, कुणी केलं ते कळत नाही. त्यावरून करणाऱ्याविषयी अंदाज बांधू नये.’

मी ते वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले. मग मागे आले.

फाइल उघडली कुणी? ओंकारच्या प्रोग्रॅमने, असं मी धरून चालले होते. पण नवी फाइल दिसली की लगेच उघडून वाचणारा माझा स्वतःचा शोधणारा प्रोग्रॅमही तिथेच होता. आज सकाळीच त्याचं नाव मी यादीत पाहिलं होतं. आणि ओंकारच्या प्रोग्रॅमने उघडली असली तरी ती त्याच्यापर्यंत पोचायला इंटरनेट लागतं. मी कोपऱ्यातल्या राउटरकडे पाहिलं. त्याचा एकही दिवा लागलेला नव्हता. वर पंखा बंद होता. वीज कधी गेली मला कळलंच नव्हतं, लॅपटॉप बॅटरीवर चालला होता आणि फोनवरचं बोलणं मोबाइलच्या नेटवर्कवर.

लॅपटॉपच्या नोंदीत पाहिलं, नेट चिठ्ठी लिहिण्याच्या आधीच तुटलं होतं. चिठ्ठी या खोलीतून बाहेर गेलीच नव्हती. ओंकारला सावेडीचं काहीही कळलं नव्हतं. तो सरळ इथेच येत होता आणि पोलिसांना मी सावेडीला पाठवून बसले होते.

मी यशोधराताईंना फोन लावला, तो लागेना. परत लावला. लागला. मला वाक्य धड बोलता येईना, तरी त्यांना कळलं. “तिथल्या ठाण्यात लगेच सांगते,” त्या म्हणाल्या. “पण शनिवार आहे, गर्दीतून गाडी यायला वेळ लागेल. घरात कोण आहे?”

“कुणी नाही.”

“दार लावून घे.”

“कुठलं दार, ताई?” मग त्यांनाही आठवलं असावं. “कुणाच्या तरी घरी जा,” त्या म्हणाल्या.

कुणाच्या जाऊ? सगळी घरं उघडी. आणि जाऊन काय सांगू? मी आल्यापासून गल्लीत आमचं एकच उत्तर होतं, जावई परदेशी जायच्या तयारीत आहेत, म्हणून पोरगी माहेरी. आईने ते इतक्या वेळा सांगितलं होतं की विजयमालाकाकू मला कुठला देश म्हणून विचारायच्या.

मी चप्पल शोधत होते तेव्हा पुन्हा फोन वाजला. छगनकाका. घोडेगावच्या रस्त्यावर त्यांची रसवंती आहे, बैल फिरवून रस काढतात अजून. ते मला कधी फोन करत नाहीत.

“ज्ञानू, पांढरी गाडी आताच गेली बग गावाकडं. तुझा नवराच हाय. रस न्हाई पिला, निस्तं घराकडचा रस्ता मोकळा हाय का इचारत हुता.”

“काका, तुम्हाला कुणी...”

“तुझ्या आईनं सकाळीच सांगितलंय, गाडी दिसली की कळीव. तिलाबी कळवलंय. घरातच ऱ्हा. आमी येतोय.”

फोन बंद झाला. त्याचा अर्थ लावत बसायला वेळ नव्हता. मी मागच्या पडद्याकडे गेले तर मागच्या बोळात कुठल्याशा गाडीच्या दाराचा आवाज झाला. तो मागून येणार असेल तर? मी परत आत आले. मोरीला पडदा, देवघराला पडदा. धान्याच्या कोठीमागे बसले तर पाय दिसले असते. एवढ्याशा घरात एक मोठी बाई लपायला जागा शोधत फिरतेय, हे बाहेरून पाहणाऱ्याला हास्यास्पद दिसलं असतं. मला रडू येत होतं आणि आवाज होऊ नये म्हणून मी ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. शेवटी मधल्या पडद्यामागे भिंतीला चिकटून उभी राहिले. पडद्याला एक भोक होतं.

पुढून त्याचाच आवाज आला. “आई? येऊ का आत?”

स्वच्छ पांढरा शर्ट, कपाळावर गंध, हातात पेढ्यांचा पुडा. तो घरापुढच्या ओट्याच्या पायरीवर उभा होता. एक पाय वर ठेवलेला.

आणि ओट्यावर आई होती. ती केव्हा आली मला कळलं नव्हतं. तिच्या मागे विजयमालाकाकू, पलीकडच्या बनुबाई आणि गल्लीतल्या आणखी चारपाच बाया, कुणाच्या हातात लाटणं तर कुणाच्या कडेवर पोर. दुकानातले दादा पळत आले होते, त्यांना धाप लागली होती.

“जावईबापू,” आई म्हणाली, “तितंच थांबा.”

तो हसला. “काय हे आई. पाणी तरी विचारा. इतक्या लांबून आलोय.”

पाणी न विचारता आईने आजवर कुणाला पाठवलेलं नाही. मला वाटलं, आता ती आत येणार, तांब्या घेणार, त्याला बसायला चटई टाकणार. मी पडदा मुठीत धरला. ती जागची हलली नाही.

“पानी न्हाई,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला, मग एकदम मोठा झाला, इतका की समोरच्या घरातले लोकही बाहेर आले. “तुमी माझ्या पोरीचा गळा दाबला. दिवाळीत. वळ म्या माझ्या डोळ्यानं बगितलं. म्या समद्यांना खोटं सांगितलं, जावई परदेशी जानार म्हनून. सकाळपासून घरोघरी जाऊन खरं सांगून आले. आता हितल्या पोरासोरालाबी म्हाईत हाय.”

ओंकारचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे इकडेतिकडे फिरू लागले. त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आई, घरातलं भांडण आहे. लोकांपुढे...”

“लोकांपुडंच,” आई म्हणाली.

त्याने दुसरा पाय उचलला. वर ठेवला असता तर तो ओट्यावर आला असता. बनुबाई कुणाला कधी वर मान करून बोलत नाहीत. त्या पुढे सरकून आईच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग विजयमालाकाकू. कुणी ओरडलं नाही, कुणी हात उगारला नाही. पण ओट्यावर त्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. तो पाय त्याने खाली घेतला.

तेवढ्यात छगनकाका मोटरसायकलवरून आले आणि त्यांनी ती ओंकारच्या गाडीपुढे आडवी लावली. पोलीस त्यानंतर आले. ओंकार त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागला. कोर्टाचा आदेश त्यांच्याकडे पोचला होता, त्यांनी त्याला मराठीत गाडीत बसायला सांगितलं. जाताना त्याने घराकडे वळून पाहिलं. आत अंधार होता, मी त्याला दिसले नसणार, तरी मी श्वास धरून ठेवला.

गाडी गेल्यावरही मला पडदा सोडता येईना. बोटंच उघडेनात. बाया हळूहळू पांगल्या, जाताना कुणी पडदा सरकवून आत डोकावलं नाही. यशोधराताईंचा फोन आला, त्या सावेडीहून परत निघाल्या होत्या. लॅपटॉप तसाच ठेव, म्हणाल्या, पोलीस येऊन नेतील. मी हो म्हटलं.

आई आत आली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिच्या चपला धुळीने भरल्या होत्या. ती बराच वेळ पदराने तोंड पुसत होती, तोंड कोरडं झालं तरी.

“आई, मी सकाळी...”

“ऱ्हाऊ दे ते.”

“मीच सांगत होते त्याला. लॅपटॉपमधून. तू नव्हतीस.”

तिला ते कळलं की नाही कुणास ठाऊक. तिने विचारलं नाही. मी तिचा हात हातात घेतला.

“तुला भीती नाही वाटली, आई?”

“लई वाटली,” ती म्हणाली. “आजून वाटतीया. तो परत येईल, न्हाई?”

“येईल कदाचित.”

तिने मान हलवली आणि माझ्या अंगाला आणखी चिकटून बसली. पडदा वाऱ्याने हलला तेव्हा आम्ही दोघीही दचकलो.